त्रेसष्ट दाखले

तो माणूस सकाळपासून तिसऱ्यांदा सभागृहाच्या दारात येऊन उभा राहिला. आत मात्र येत नव्हता.

पहिल्या रांगेत बसलेल्या तिने मान वळवून पाहिलं आणि मांडीवरची फाईल घट्ट धरली. साठी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. लोकप्रशासनात पीएचडी करणाऱ्यांच्या परिषदेत असा माणूस एक तर कुणाचा तरी सासरा असतो, नाही तर बांधकाम खात्याने पाठवलेला असतो. हा सासरा वाटत नव्हता.

मार्गदर्शक बाईंनी तिला आधीच बजावलं होतं. "खात्यातलं कुणीतरी येईल. गोड बोलेल, वाचू नका म्हणेल. ऐकलंस तर सहा वर्षं पाण्यात गेली म्हणून समज."

खरंच गेली असती. विद्यापीठाची मुदत परवा संपत होती. त्याआधी जाहीर वाचन झालं नाही, तर प्रबंध रद्द.

प्रबंध होता इमारतींच्या सुरक्षा दाखल्यांवर. एका अभियंत्याने एकाच दिवसात त्रेसष्ट सार्वजनिक इमारती तपासून सगळ्यांवर 'सुस्थितीत' असा शिक्का मारला होता. त्रेसष्ट गच्च्या नुसत्या चढून उतरायच्या म्हटल्या, तरी माणसाचा आठवडा जातो.

या इमारती कोणत्या, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिच्या नणंदेने सगळ्या कागदांवरची नावं-पत्ते काळे करून प्रत्येक इमारतीचा नुसता दाखल्यावरचा क्रमांक ठेवला होता आणि नावांची यादी एका पाकिटात घालून चिकटवून टाकली होती. "वहिनी, तू पण ना! स्वतःपासूनच लपवतेस?" असं म्हणून ती पोट धरून हसली होती. हसू दे. नावं दिसली की मन एका बाजूला झुकतं, आणि झुकलेल्या मनाने संशोधन होत नाही. पाकीट दोन वर्षं तिच्या पर्समध्ये न उघडता पडून होतं, आणि त्याचा तिला मनापासून अभिमान होता.

चहाच्या सुट्टीत परिषदेचे चिटणीस कप घेऊन तिच्याजवळ आले. "वरच्या मजल्यावर चक्कर मारलीत की नाही? सरकारी दप्तराच्या जुन्या फायली कालच आणल्या. तीन ट्रक! संशोधकांची केवढी सोय झाली बघा."

त्यांच्यामागे सफाईच्या बाई पोडियमवरची पितळी पाटी पुसत होत्या. सभागृहाचं नाव पांढऱ्या भुकटीखाली गेलं होतं. "सकाळीच लख्ख केली होती. कुठून येतंय कोण जाणे," त्या पुटपुटल्या.

ती हात धुवायला बाहेर निघाली, तेवढ्यात छत्रीवाल्याने तिला दारातच गाठलं.

"तुमचं वाचन आता आहे ना?"

"हो. आपण?"

"त्या त्रेसष्ट दाखल्यांवरची सही माझी आहे."

सहा वर्षं जी सही ती भिंगाखाली धरत आली होती, तिचा धनी समोर उभा होता.

"कार्यक्रमपत्रिका काल हातात पडली," तो म्हणाला. "वाचा, जरूर वाचा. पण आज इथे नको. बाहेर पटांगणात या, सगळ्यांनाच बोलवा. मी तिथे कबूल करतो."

"आणि परवा माझी मुदत संपते, हे तुम्हाला ठाऊकच असेल."

"मुदतीचं राहू द्या हो." बोलताना त्याची नजर सारखी वर छताकडे जात होती, जणू तिच्याशी बोलणंच त्याला नकोसं होतं. "सतरा नंबर कुठली इमारत आहे, पाहिलंत का?"

"आम्ही नावं पाहत नाही. ती आमची पद्धत आहे."

"पाहा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मीही पाहिलं नव्हतं."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"पोरी, हात जोडतो."

गोड बोलेल, असं बाई म्हणाल्याच होत्या. तिने तडक जाऊन चिटणिसांना सांगितलं. त्यांनी पहारेकऱ्याला खूण केली. म्हाताऱ्याने फारशी झटापट केली नाही. फक्त नेता नेता तो ओरडला, "बाहेर ये! सगळ्यांना घेऊन बाहेर ये!" सभागृहात दोनशे माणसं होती. काही जण हसले.

"आता दार लावून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

दार चौकटीत नीट बसत नव्हतं. सकाळी तर बसलं होतं. पहारेकऱ्याने खांदा लावून ते रेटलं आणि आतून कडी घातली.

ती पोडियमपाशी गेली. फाईल उघडून तिने वाचायला सुरुवात केली. सतरा क्रमांकाची फाईल तिने मुद्दाम शेवटी ठेवली होती. तपासणीच्या आदल्या आठवड्यात एका कनिष्ठ अभियंत्याने त्या फाईलवर शेरा लिहिला होता: "मुख्य तुळई वाकली आहे. वरच्या मजल्यावर ओझं ठेवू नये. खाली गर्दी जमू देऊ नये." आणि त्या शेऱ्यावरच तो शिक्का बसला होता, 'सुस्थितीत'.

टाळ्या कडाडल्या. सहा वर्षांचं ओझं उतरलं आणि तिचे डोळे भरून आले.

अध्यक्ष मात्र चष्मा पुसत होते. "सगळं ठीक. पण ही सतरा नंबरची इमारत खरोखर आहे, हे कशावरून? मला एकट्याला नाव दाखवा, प्रबंधावर लगेच सही करतो."

ती याच क्षणाची वाट पाहत होती. तिने पर्समधून पाकीट काढलं, कड फाडली, कागद पोडियमवर पसरला. त्यावर वरून काहीतरी बारीक, पांढरं सांडलं. तिने ते फुंकरीने उडवलं आणि बोट ओळींवरून खाली नेलं.

सतरा. नणंदेचं गोलगोल अक्षर. तिने नाव वाचलं, मग भुकटीने पुन्हा भरलेली पितळी पाटी तळहाताने पुसली आणि तेच नाव परत एकदा वाचलं.