हाताचं पान

“सापडलं,” सासू म्हणाली. “उसव.”

सुनेने सुई सुयांच्या उशीत खोचली.

रफूच्या त्या दुकानात नियम एकच होता, आणि तो सासूनेच घातलेला होता. काम झालं की दुसरीने कपडा खिडकीच्या उजेडात धरायचा. भोक कुठे होतं ते करणारीने सांगायचं नाही. नजरेला सापडलं तर सगळं उसवायचं. नाही सापडलं, तर जिने काम केलं तिनेच तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. चार महिन्यांत सुनेने सात वेळा उसवलं होतं आणि एकदाही कपडा दिला नव्हता. सासूचं काम कोणी तपासत नसे. तपासणार कोण?

हा काळा कोट वकीलसाहेबांचा. सासू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती तेव्हा सुनेने तो घेतला होता. साहेब अकराला यायचे होते, आणि पावणेअकरा वाजून गेले होते.

कात्रीशेजारी सुनेची वही उघडी पडली होती. सून दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेली. दर आठवड्याला ती एक शब्द घ्यायची आणि त्याच्याभोवती लोक काय काय बोलतात ते लिहून काढायची. नाक झालं, कान झाला, या आठवड्यात हात होता. अर्थ सासू सांगायची. तिच्या तऱ्हेने.

“हात झटकणे?”

“भांडी घासायची म्हटली की तुझा नवरा करतो ते.”

“हात आखडता घेणे?”

“तेही तोच. भाजी आणताना.”

“हात टेकणे?”

“हरलो म्हणायची लाज वाटली की माणूस हे म्हणतो. वकिलाच्या तोंडून ऐकायला मिळायचं नाही.”

एखादं बोलणं गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं की मगच सून त्यापुढे बरोबरची खूण करायची. तोवर ते शिकलं असं ती धरत नसे. सासूला हे आवडलं होतं. तसं ती कधी म्हणाली नव्हती, एवढंच.

आज सकाळी पानाची शेवटची ओळ सासूने आपणहून सांगितली होती. “लिही, हात बसणे. एकच काम इतकं करायचं, की डोकं भलतीकडे असलं तरी बोटं चुकत नाहीत. लिहून ठेव. खूण करायची घाई नको. तुझा बसायला अजून वेळ आहे.”

“उसवतेस ना?” सासू आता म्हणाली. “की मुहूर्त बघू?”

“आई, कुठे सापडलं?”

“हे काय, उजव्या कोपरावर. आंधळ्यालाही दिसेल. धागा वर चढलाय, ठिगळासारखं चमकतंय. असलं काम माझ्या नावावर बाहेर जायचं नाही.”

सुनेने कोपर हातात घेऊन नीट पाहिलं. मग हळूच म्हणाली, “हे मी नाही केलं.”

“मग काय उंदरांनी केलं?”

“तुम्ही केलंत. दोन वर्षांपूर्वी. कोट देताना साहेबांनीच दाखवलं. म्हणाले, हे जुनं आहे, याला हात लावू नका.”

सासूने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. कोपर पुन्हा खिडकीपाशी नेलं. चमकत होतं ते चमकतच होतं.

“धागाच हलका होता तेव्हा,” ती म्हणाली.

सून हो म्हणाली. हसली नाही, हे तिचं शहाणपण.

मग सासूने कोट तळहातावर पसरला आणि वीतभर वीतभर करत सगळा पालथा घातला. कॉलर, बाह्या, दोन्ही खिसे, खालची घडी. एकदा उजेडाला पाठ करून, एकदा तोंड करून. अंगठा फिरवला, नखाने खरवडलं. खिडकीखालून दोन बायका भांडत गेल्या तरी तिने मान वर केली नाही. आतल्या शिवणीतून एक धागा काढलेला दिसला. रफूसाठी कोटाचाच धागा काढून घ्यायचा, हे तिनेच शिकवलं होतं. पण तो धागा गेला कुठे, ते काही दिसेना.

तेवढ्यात दार वाजलं. दुसऱ्याची खोट काढण्यात ज्यांची हयात गेली ते वकीलसाहेब आत आले.

“झाला का बाई कोट? कोर्टात उभं राहायचंय.”

सासूने कोट पुढे केला. वकिलाकडे नाही, सुनेकडे. “दे. तुझं काम आहे.”

सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने कोट दोन्ही हातांवर घेऊन पुढे धरला. वकील तो दारापर्यंत घेऊन गेले. डाव्या खिशाच्या वर बोट ठेवलं, खाली सरकवलं, परत वर आणलं.

“इथेच होतं ना हो? निखारा पडला होता. चवलीच्या नाण्याएवढं भोक होतं.”

“शोधा की,” सासू म्हणाली. “तुमचा धंदाच आहे तो.”

वकिलांनी कोट उलटा केला, सुलटा केला, नाकाशी धरला. शेवटी हसले. “नाही बुवा. हात टेकले तुमच्यापुढे.”

“माझ्यापुढे नाही,” सासू म्हणाली. “तिच्यापुढे.”

सुनेने वहीकडे पाहिलं, पण वकिलांनी कोट परत तिच्याच हातात दिला होता आणि बाह्यांत हात घालायला पाठ केली होती. तिचे दोन्ही हात अडकले.

सासूने कापडावर खुणा करायचा निळा खडू उचलला. वही जवळ ओढली. अक्षरं लावत, बोट फिरवत ती एकेक ओळ खाली आली. ‘हात टेकणे’ सापडलं. तिने खूण केली, पण कापडावर करायची सवय, ती केवढी तरी मोठी झाली. तिचं टोक खाली घसरलं आणि शेवटच्या ओळीवर, ‘हात बसणे’वर जाऊन थांबलं.

कापडावर खूण चुकली की सासू ती तिथल्या तिथे अंगठ्याने पुसून टाकायची. ही तिने पुसली नाही.