नववी जागा

इस्त्रीवाल्यानं दोन काळे कोट आणून दिले तेव्हा सासूबाई चक्रावल्या. एक सुनेचा, रोजचा वकिलीचा. दुसरा मुलाचा, तोही वकिलीच्या दिवसांतला. न्यायाधीश झाल्यावर त्यानं नवा शिवला होता आणि हा जुना पाच वर्षं पेटीत पडून होता.

"हा कशाला बाहेर काढलास?"

"कसर लागेल म्हणून," असं म्हणून मुलानं वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

सासूबाईंनी विषय सोडून दिला. आज त्यांचा सगळा जीव सुनेत अडकला होता, कारण तिच्या खटल्याचा आज निकाल होता.

खटला लग्नाच्याही आधीचा. न्यायाधीशांच्या नऊ जागा निघाल्या होत्या. लेखी परीक्षा आणि मुलाखत यांच्या गुणांची बेरीज करून पहिले नऊ घेणार, असं जाहिरातीत चक्क छापलेलं. बेरजेत सून चौथी. पण मुलाखती आटोपल्यावर निवड समितीला मध्येच काय सुचलं कोण जाणे, मुलाखतीत तीसपैकी वीस हवेतच अशी नवी अट निघाली. सुनेला होते एकोणीस. झालं, नाव यादीतून उडालं.

"पोरं धावून दमली, मग मेल्यांनी दोरी पुढे सरकवली," सासूबाई भेटेल त्याला सांगत. शेजारणींना नवल वाटे, सासू असून सुनेची एवढी कड घेते. सासूबाईंना त्यात काही नवल वाटत नव्हतं. पोरगी दिवसभर दुसऱ्यांचे खटले लढवून यायची, मग स्वतःचा घेऊन बसायची, आणि एवढं असून कोर्टातला राग कधी घरात आणला नाही. अशी सून मिळायला नशीब लागतं, असं त्यांना मनापासून वाटे.

मध्यंतरी समितीनं निरोप धाडला होता, खटला मागे घ्या, पुढच्या भरतीत बघू. तेव्हा सून पार डळमळली. दोन दिवस धड जेवली नाही. सोडून देते म्हणाली. मुलगा तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला.

"तू मागे घेतलंस तर मला त्या खुर्चीवर बसवणार नाही."

बरोबरच आहे, सासूबाईंना वाटलं. न्यायाधीशाच्याच बायकोनं अन्याय गिळला तर त्यानं कुठल्या तोंडानं न्याय द्यायचा? लेक गुणाचा होता. फक्त एका बाबतीत हट्टी. या सरकारी घरात त्यानं पाच वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकू दिला नव्हता. त्याच्या वडिलांचा फोटो अजून कपाटावर टेकून उभा होता. विचारलं की म्हणायचा, आई, घर आपलं नाही.

चारच्या सुमारास दोघं बरोबरच आली. मुलगा कधी नव्हे तो लवकर परतला होता.

"आई, जिंकलो," सून दारातच म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

सासूबाईंनी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे पुसले. आनंदानं त्यांना काय करू नि काय नको असं झालं. चहा टाकला आणि साखर घालायची विसरल्या. एका घरात दोन न्यायाधीश, आता आमची भांडणं न्यायची कुणापुढे, असं म्हणून स्वतःच हसल्या.

"एक पुरे की," मुलगा म्हणाला.

निकालात नेमकं लिहिलंय काय, ते त्यांना ऐकायचं होतं. सुनेनं कागद नवऱ्याकडे सरकवला. म्हणाली, मला नाही वाचवत, तूच वाच. मुलानं चष्मा लावला, शेवटचं पान काढलं आणि एकेक वाक्य सावकाश वाचलं. नवी अट रद्द. यादी मूळ जाहिरातीप्रमाणे लावावी. अर्जदार चौथ्या क्रमांकावर येते. जागा मात्र नऊच आहेत, म्हणून जुन्या यादीतल्या नवव्या उमेदवाराची नेमणूक संपुष्टात येते. त्याच्या कोर्टाचं काम अर्जदारानं सोमवारी हाती घ्यावं.

सासूबाईंचा चहाचा कप हातातच राहिला.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "त्याचा काय दोष? त्याच्याही घरी म्हातारी आई असेल."

मुलानं चष्मा काढला. मग खिशातून आपल्या कोर्टातल्या कपाटाची किल्ली काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली.