पितळेतला चेहरा

बेनिनच्या राजाने उत्तरेकडचं गाव जिंकलं आणि तिथल्या मारलेल्या सरदाराचं पितळी मुंडकं ओतायचं काम ओमोरुयी ओताऱ्याला दिलं. ओमोरुयीची बायको एसोहे त्याच सरदाराची लेक होती. पितळ ओतण्याच्या साच्यासाठी त्याने आधी घडवलेला मेणाचा चेहरा पाहून ती म्हणाली, "हे माझे बाबा नाहीत." ओमोरुयी म्हणाला, "कुणाचंही तोंड चालेल. राजाला कुठे कळतंय? निदान त्यांची विटंबना टळेल." "गाव जळालं. त्यांचा चेहरा आता माझ्याशिवाय कुणाला आठवणार? सरक!" "अगं, बायकांनी मेणाला हात लावायचा नसतो!" तिने अंगठ्याने आठ्या पुसल्या, नाक रुंद केलं, ओठांच्या कडा किंचित उचलल्या. ओतीव मुंडकं दरबारात आलं तेव्हा मानकरी कुरकुरले, "हरलेला माणूस हसतोय कसला?" राजाने हात वर केला. "हाच तो. माझ्या तलवारीखाली असाच हसला होता." बाबा कसे गेले, ते दाराआडच्या एसोहेला तेव्हा कळलं.