डुलकीसकट

"भाभी, नामदेवच्या सगळ्या सवयी नव्या डब्यात उतरवतो. पण डुलकीसकट येतील," इक्बाल मिस्त्री म्हणाला.

नामदेव वारल्यापासून त्याचा ट्रक एकटाच धावत होता. इंजिनावरच्या संगणकाने बारा वर्षांत त्याचं चालवणं शिकून घेतलं होतं. रोज संध्याकाळी घराच्या दारासमोर ट्रक मंदावे, दोनदा हॉर्न देई आणि नामदेवची बायको यमुना बाहेर येई. घाटात मात्र तो नामदेवसारखाच क्षणभर पेंगे. परवा तिथेच एक सायकलवाला चिरडला गेला आणि संगणकाचा डबाही फुटला.

"डुलकी तेवढी वगळा ना, भाई."

"नाही जमत. आला तर अख्खा येतो."

यमुना बराच वेळ फुटक्या डब्यावर हात ठेवून बसली.

"कोराच बसवा."

संध्याकाळी ती सवयीने दारात आली. ट्रक त्याच वेगाने समोरून निघून गेला.