कशाची क्षमा

“आज तो तुझ्याकडे येईल,” पेदर म्हणाला. प्रार्थनागृहाच्या स्वयंपाकघराचं दार त्यानं आतून लोटून घेतलं होतं. “काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.”

योरुन सभेनंतरच्या कॉफीसाठी बन कापत होती. तिची सुरी थांबली नाही.

“पुन्हा सांगा, पेदरकाका. हिल्मारनं तुमच्यापाशी काय कबूल केलं ते. नीट, क्रमानं.”

पेदर गेली तीस वर्षं या फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या या खाडीच्या, काठी उपदेश करत होता. आता मात्र तो जमिनीकडे बघत बोलला. बोट हिल्मारची. तळाशी पाणी चढलं की वाजणारा गजर सारखा खोटाच वाजायचा, म्हणून हिल्मारनं त्याची तार तोडली आणि आर्विदला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी आर्विद एकटाच मासेमारीवरून परतत होता. बोट त्याच्यासकट बुडाली. चौकशीच्या वेळी हिल्मार म्हणाला, निघताना आर्विदच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

“माझ्या नवऱ्यानं एकोणीस वर्षं थेंबाला शिवलं नव्हतं.”

“ठाऊक आहे मला.”

“आज ठाऊक झालं. दोन वर्षं तुम्हालाही वास येतच होता की.”

“तो पार मोडलाय, योरुन. तू क्षमा दे. एकदा दिलीस की ते कृपेच्या समुद्रात बुडालं. मग त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, तूसुद्धा नाही. तिथं गळ टाकायला मनाई आहे.”

“आणि चौकशीच्या अहवालात लिहिलंय ते? माझी पोरगी बापाचं नाव काढू देत नाही, ते?”

“नियमशास्त्रावर बोट ठेवून कुणाचं तारण झालंय का? तारते ती कृपा.”

“तारणाचं कोण विचारतंय? मी आर्विदचं विचारतेय.”

बाहेर पेटी वाजायला लागली. पेदर गेला. योरुननं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

सभागृहात लोक उठून एकमेकांच्या गळ्यात पडले होते. कुणी कुजबुजत होतं, कुणी रडत होतं. एकानं विचारायचं, मला क्षमा आहे का. दुसऱ्यानं म्हणायचं, येशूच्या नावानं आणि रक्तानं तुझ्या सगळ्या पापांची क्षमा झालीय, विश्वास ठेव. ‘सगळ्या’ म्हटलं की झालं. यादी आजवर कुणी मागितली नव्हती.

हिल्मार बाकांमधून वाट काढत आला. थोराड माणूस, पण चालताना बाकांना धरत होता. त्यानं तिच्या गळ्यात हात टाकले. त्याचं अंग खरंच थरथरत होतं. ते कळलं आणि तिचा राग आणखीच भडकला. सोंग असतं तर सोपं गेलं असतं.

“मला क्षमा आहे का?”

“कशाची?”

“पेदर बोललाय ना तुझ्याशी...”

“तू बोल.”

त्यानं तोंड तिच्या खांद्यात लपवलं.

मग तिनंही रीतीप्रमाणे त्याच्या गळ्यात हात टाकले, घट्ट, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलली.

“हिल्मार, तू गजराची तार तोडलीस आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं नाहीस. तो बुडून मेला. मग चौकशीत तू सांगितलंस की तो प्यायला होता. तो प्यायलेला नव्हता. येशूच्या नावानं आणि रक्तानं तुला याची क्षमा झालीय. विश्वास ठेव.”

पेटी थांबली. गळ्यात पडलेली माणसं एकमेकांना तशीच धरून इकडे बघत राहिली. हिल्मारचा सगळा भार तिच्यावर आला. तिनं त्याला सोडलं नाही.

पेदर भराभरा पुढं आला. “याची काय गरज होती?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तुला फक्त क्षमा द्यायची होती.”

“दिली की.” हिल्मारच्या ओझ्यानं तिला धाप लागली होती. “इतकं रक्त सांडलं म्हणता प्रभूनं, पेदरकाका. ते कशापायी सांडलं, हे कुणी बोलायचंच नाही का?”