मल्हारीचा गुन्हा

“तो कोपरा सोड, देवराम!” सावित्रीबाई पहारीसमोर येऊन उभी राहिली.

हरसूलजवळच्या पाड्यावरचं कुडाचं घर देवराम विटांचं करत होता. तीन भिंती पडेपर्यंत म्हातारीने ब्र काढला नव्हता. चौथीला मात्र ती हटून बसली. देवरामचं डोकं आधीच तापलेलं. डोंगरउतारावर बापाने कसलेल्या दोन एकर रानाचा वनहक्क दावा सरकारी कचेरीने दोनदा फेटाळला होता. ‘दोन हजार पाचच्या आधीपासून कसता, त्याचा सरकारी पुरावा आणा.’ सोमवारच्या ग्रामसभेत शेवटची संधी होती. बाप मल्हारी तर कधीच वारला होता, आणि रानातलं नागलीचं पीक काही साक्ष द्यायला येत नाही.

त्याने आईला बाजूला सारून घाव घातला. मातीबरोबर एक डबी खाली पडली. आत मेणकापडात गुंडाळलेला शिक्क्याचा कागद होता. देवराम मोठ्याने वाचू लागला. “सन एकोणीसशे ब्याऐंशी. आरोपी मल्हारी... याने राखीव जंगलात नांगर घालून नागली पेरली... तीन महिने कैद.”

सावित्रीबाई तोंडाला पदर लावून रडू लागली. मल्हारी तेव्हा पिंपळगावला द्राक्षांच्या कामाला गेला होता, असं ती चाळीस वर्षं सांगत आली होती. पोरींच्या सोयरिकीही त्याच थापेवर जुळल्या होत्या.

“आये, बाबा जेलात होता? आन् हा कागद जाळला का नाय तू?”

“सरकारी कागद, बाळा. जाळला तर मलाबी धरून नेतील, असं वाटलं.”

देवरामने कागद पुन्हा वाचला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग आईला उचलून तो त्या चिखलमातीत चक्क नाचायला लागला. पोराचं डोकं फिरलं, असं वाटून म्हातारी आणखीच रडली.

सोमवारी ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून सभेत बसली. आता सगळ्या गावासमोर अब्रूचं खोबरं होणार होतं. वनहक्क समितीच्या भिकाने कागद खड्या आवाजात वाचला आणि वर धरला.

“कोर्टानंच लिहून दिलंय, मल्हारी तवा ही जमीन कसत होता! याहून मोठा पुरावा कोनता? दावा मंजुरीला पाठवा!”

टाळ्या पडल्या. त्या कशासाठी, हे सावित्रीबाईला उमगायला जरा वेळ लागला. उमगलं तेव्हा तिने पदर मागे सारला. आपल्या नवऱ्याचा तिला इतका अभिमान लग्नातही वाटला नव्हता.

एवढ्यात मागून बुधाची म्हातारी आई काठी टेकत उठली. “माझा मालकबी तवा त्याच जेलात होता,” ती म्हणाली. तिच्या शेजारची उठली. मग तिसरी, चौथी. बघता बघता म्हाताऱ्यांची अख्खी रांग उभी राहून पुढे सरकू लागली.

भिका वही उघडून ओरडला, “ढकलाढकली करू नका गं आयांनो! सगळ्यांच्या नवऱ्यांचे गुन्हे लिहून घेतो!”