मंद दिवे

गाडीचे दिवे मंद वाटतात, म्हणून झिपरूनानांनी जास्त वॅटचे बल्ब बसवून घेतले. धुळ्याहून परतताना तिन्हीसांजेला बोनेटमधून धूर निघाला. होल्डर वितळून वायरी जळाल्या होत्या. वाटेतल्या गॅरेजवाल्यानं वायरी बदलून पुन्हा साधे बल्ब लावले.

“या उजेडमा काय दिसस?” नाना कुरकुरले.

मुलीनं, मृणालीनं, स्टिअरिंग हाती घेतलं. “मला तर पार पुढची बैलगाडीही दिसतेय.”

नानांनी डोळे ताणले. बैलगाडी त्यांना कुठेच दिसेना.

“नाना, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?”

नानांनी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर नात निजली होती. संध्याकाळच्या क्लासवरून तिला रोज नानाच गाडीनं घरी आणत.